तानबा हमालाची फौजी बाटली

मी एक पाण्याची बाटली बोलतेय. काचेची नाही, आणि हल्ली मिळते तशी प्लास्टिकचीही नाही. मी लोखंडी पत्र्याची. अंगावर निळा मुलामा, त्यावर खाकी लोकरीचं जाड आवरण आणि तोंडाला बूच. फौजेसाठी माझ्यासारख्या हजारो घडवल्या गेल्या. त्यातली मी तानबाच्या खांद्यावर आले.

तानबा वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरचा. मोठी लढाई चालू होती तेव्हा तो आणि त्याचा लंगोटीयार रूपराव बरोबरच भरती झाले. दोघांना ब्रह्मदेशात धाडलं. परत आला तो एकटा तानबा.

गावात पाऊल टाकल्यावर तो आधी रूपरावच्या घरी गेला. दारात रूपरावची बायको कोकिळा उभी होती, जेमतेम अठरा वर्षांची. तार तिला कधीच मिळाली होती. तिनं एवढंच विचारलं, "भाऊजी, मरताना त्यायच्या तोंडात पानी तरी पडलं का?"

तानबानं माझ्यावर हात ठेवला. "पडलं, वयनी. माह्या मांडीवर डोकं होतं. ह्याच बाटलीतलं पानी पेला अन् डोये मिटले."

मी थक्क झाले. तोफा ऐकल्या होत्या मी, पण असा दचका बसला नव्हता. कारण तिथे काय झालं ते त्याच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं, आणि पत्र्याला कुठली आली वाचा!

तानबा हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये हमाल झाला. आठवडाभर पाठीवरून कापूस वाहायचा आणि रविवारी गावी यायचा. मी सोबत असायचेच. उन्हाळ्यात कोणी नुसता घसा खाकरला तरी तो मला पुढे करायचा. लोक म्हणायचे, तानबा मोठा पुण्यवान माणूस. तो मला बूच लावून खांद्याला अडकवायचा.

अक्षय तृतीयेला कोकिळाबाई मला मागून न्यायच्या. माझ्यात पाणी भरून रूपरावच्या नावानं सोडायच्या आणि पदरानं मला पुसून परत आणून द्यायच्या. "हिच्यातलं पानी पेऊन गेले ते," असं शेजारणींना सांगायच्या. मला लाज वाटायची. पण वर्षं गेली तशी मीही त्या खोट्याला सरावले. खोटं का होईना, एका बाईला त्याचा आधार आहे, असं मनाशी म्हणायला लागले.

मग एकोणीसशे एक्याऐंशीचा पंधरा ऑगस्ट आला. शाळेच्या पटांगणात प्रभाकर गुरुजींनी तानबाला मानाच्या खुर्चीवर बसवलं. मला टेबलावर ठेवून झेंडूचा हार घातला. तानबाची नात शोभा भाषणाला उभी राहिली. "माझ्या आजोबांनी मरणाऱ्या मित्राचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला शेवटचं पाणी पाजलं," ती घडाघडा म्हणाली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत कोकिळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तानबा उठला. लोकांना वाटलं, आता सलामी देणार.

"हे खोटं हाय, पोरी," तो म्हणाला. लाउडस्पीकरवरून ते अख्ख्या गावात गेलं. "रूप्या माह्या मांडीवर नाई मेला. पोटात गोयी लागून नाल्याच्या काठाले पडला होता. जिता होता. मले हाका मारून राह्यला होता, पानी मांगत होता. मी भेलो. पयालो. बाटल भरेल होती."

हो, मी भरलेली होते. तो पळत होता आणि माझ्यातलं पाणी डचमळत होतं. पाठीमागून येणारी हाक लहान लहान होत गेली.

पटांगणात कोणी हललं नाही. गुरुजींच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. तानबाची बायको आनंदाबाई त्याच्याकडे अशी बघत होती, जणू पस्तीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच पाहत होती. कोकिळाबाई उठल्या, टेबलापाशी आल्या, माझ्या गळ्यातला हार काढून ठेवला आणि मला घेऊन सरळ घरी निघून गेल्या.

त्यानंतर गावानं तानबाला राम राम घालणं सोडलं. शोभा दोन दिवस जेवली नाही. तानबा मात्र दर रविवारी कोकिळाबाईंच्या दारी येऊन पायरीवर बसायचा. त्या त्याला वगळून आजूबाजूचं अंगण झाडायच्या. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी त्यांनी झाडू टाकला.

"त्यायनं माहं नाव घेतलं का?"

आता हा पुन्हा खोटं बोलणार, असं मला वाटलं. खरं सांगते, त्याच्या जागी मी असते तर बोलले असते. एका शब्दानं त्या बाईचं म्हातारपण सुखाचं झालं असतं.

तानबानं मान हलवली. "नाई, वयनी. माहंच घेत होता. तानबा, तानबा करत होता."

मला वाटलं, ही मला उचलून ह्याच्या डोक्यात घालते. पण त्यांनी घरातून पोतं आणलं आणि त्याच्यापुढे पसरलं.

"बसा. आता पुरं सांगा. नाला कसा होता, झाडं कोनती होती, सगयं. सदतीस वर्षं मी दुसऱ्याच कोनाच्या मरनावर रडून राह्यली."

तानबा दिवे लागेपर्यंत सांगत होता. माफ केलं, असं कोकिळाबाई म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. पण दर रविवारी ते पोतं पायरीवर पसरलेलं असायचं. तानबा शहाऐंशी साली गेला, तोवर.

आता मी कोकिळाबाईंच्या घरात खुंटीला आहे. लोकर कसरीनं खाल्ली, बूच भुगा होऊन पडलं, बुडाला भोक पडलंय. माझी तक्रार नाही. एकच विनवते. तुमच्या घरी लढाईवरून आलेला असा कोणी म्हातारा असेल, तर त्याच्याकडे शौर्याची गोष्ट मागू नका. काय झालं, एवढंच विचारा. आणि सांगता सांगता तो थांबला, तर उठून जाऊ नका.