एक सूर खाली

न्यूरियाने उल्काला बँडमधून काढलं ते फोनवर, आणि तेही गोड आवाजात. रेकॉर्डच्या कव्हरसाठी फोटो काढायचे होते. फोटोत सगळ्यांनी साठच्या दशकातल्या स्पॅनिश पोरांसारखं दिसायचं होतं, त्यात उल्का शोभली नसती. "मनाला लावून घेऊ नकोस," न्यूरिया म्हणाली.

उल्काने लावून घेतलं.

दोघी चेरीवूड या उपनगरातल्या एकाच कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या. तिथल्या स्पॅनिश सहकाऱ्यांना जमवून न्यूरियाने 'ला मेरिएंदा' हा बँड काढला होता. गाणी तिची, पण ऐकायला चारचौघांसारखीच. मग नास गावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये उल्काला धूळ खात पडलेला जुना लाल इलेक्ट्रिक ऑर्गन मिळाला. नवऱ्याला, चंद्रहासला, हाताशी घेऊन तिने तो दुरुस्त केला. लहानपणी पेटी शिकलेली उल्का त्यावर वाजवू लागली आणि त्या पातळ, थरथरत्या, किंचित नाकातल्या आवाजाने गाण्यांचा नूरच बदलला. लोक नाचायला लागले.

रेकॉर्डवरही वादन तिचंच होतं. रेडिओवर मात्र न्यूरिया सांगत होती, हा साउंड मला आजोबांच्या तबकड्यांवरून सुचला.

प्रकाशनाचा कार्यक्रम शहरातल्या बॉल्सब्रिज भागात एका हॉटेलात ठरला. भाड्याच्या कीबोर्डमधून तो आवाज काही केल्या निघेना, तेव्हा न्यूरियाने ऑर्गन मागितला. सरळ नाही म्हण, असं चंद्रहासचं मत पडलं.

"देणार," उल्का म्हणाली. "आणि मी स्वतः लावून देणार."

तालमीत बँडमधल्याच एकाने तो वाजवला, तेव्हा सगळं सुरात होतं. मंडळी जेवायला गेल्यावर उल्काने ऑर्गनचं मागचं झाकण उघडलं. आत प्रत्येक सुराचा वेगळा स्क्रू होता. न्यूरियाची बहुतेक धृपदं ज्या सुरावर येऊन टेकायची, तेवढाच तिने जरासा खाली उतरवला. मग झाकण पुन्हा बसवलं.

पहिल्याच धृपदाला न्यूरिया वर आणि ऑर्गन खाली राहिला. तिने गळा खाली ओढला, तर गिटारशी बिनसलं. कुणी हसलं नाही. लोक आपापसात बोलायला लागले, ग्लास भरून आणायला उठले. रेडिओवाल्याने कोट चढवला. मागच्या खुर्चीत बसून उल्काने हे सगळं डोळे भरून पाहिलं.

मध्यंतरात न्यूरिया धावत आली. काहीतरी बिघडलंय, एकदा बघ, म्हणून विनवू लागली.

"साउंड तुझा आहे ना?" उल्का म्हणाली. "तूच बघ."

परतताना चंद्रहासने विचारलं, बरं वाटलं का? तिला वाटलं होतं, थोडं तरी खुपेल. खुपलं नाही. "खूप," ती म्हणाली.

सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये दोघी समोरासमोर आल्या. न्यूरियाचे डोळे सुजलेले होते.

"तूच केलंस."

"हो," उल्का म्हणाली, आणि आपला मजला आल्यावर बाहेर पडली.