हात मागे घेतल्यानंतरची सात मिनिटे

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून आधीच सांगून टाकते. काळ्या प्लास्टिकची डबी, आत दोन चाके आणि त्या चाकांवर गुंडाळलेली अडीचशे मीटर लांब तपकिरी फीत. खरी मी म्हणजे ती फीत. डबी नुसता अंगावरचा कपडा. माझी फीत तुमच्या केसापेक्षाही पातळ आहे, त्यामुळे माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. ओल लागेल का, बुरशी चढेल का, कुणी चुंबक जवळ आणेल का, यंत्र मला चावून टाकेल का, असा माझ्या जिवाला सतत घोर असतो. हसू नका. एवढे मोठे गुपित सव्वीस वर्षे तुमच्या पोटात असते, तर तुमचीही झोप उडाली असती.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला गुंडाळले, पाच स्क्रू पिळले आणि चकचकीत कागदात बांधून दिले. मला विकत घेतले ते रेडिओ, टीव्ही आणि इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना मी मालक म्हणते. त्यांचे दुकान एका जिन्याखाली होते. अर्ध्या जागेत मालकांचे टेबल, अर्ध्या जागेत मालकीणबाईंचे शिवणयंत्र. उंच गिऱ्हाईक आले की त्याचे डोके हमखास जिन्याला आपटायचे आणि मग बाई म्हणायच्या, "आपटलं का? या, बसा."

त्या काळी शनिवारी दुपारी टीव्हीवर कुस्त्या लागत. मातीतल्या नव्हेत. दोरांच्या चौकोनात, रंगीत चड्ड्या घालून, माईकवर एकमेकांना धमक्या देत खेळायच्या त्या. त्यात पोलाद आणि भिंगरी अशी एक जोडी होती. पोलाद अंगापिंडाने दांडगा, भिंगरी चणीने लहान पण विजेसारखा चपळ. मालक आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, या जोडीवर जीव टाकत. जोडीच्या कुस्तीचा नियम सोपा असतो. एकाने आत लढायचे, दुसऱ्याने दोरांबाहेर उभे राहायचे. आतला दमला की त्याने बाहेरच्याच्या हाताला हात लावायचा, मग बाहेरच्याने आत यायचे.

एका शनिवारी या जोडीची अजिंक्यपदाची लढत होती, समोर राक्षसासारखे दोन जुळे भाऊ. नेमके त्याच दुपारी मालकांना आणि दादांना चौकातल्या मोठ्या दुकानाच्या करारावर सह्या करायच्या होत्या. दादांनी कचेरीतली नोकरी सोडायची आणि दोघांनी मिळून ते दुकान चालवायचे, असे वर्षभर घाटत होते. लढत चुकू नये म्हणून मालकांनी मला यंत्रात घातले, टायमर लावला आणि नवा शर्ट घालून शीळ वाजवत निघाले. मीही कोरी करकरीत होते. माझ्या जन्मातले ते पहिलेच काम, आणि काही चुकले तर काय होईल या विचाराने माझी चाके थरथरत होती.

चुकले काहीच नाही. लढत सगळीच्या सगळी माझ्यावर उतरली. चुकले ते बाहेर. संध्याकाळी मालक परतले तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. दादा आलेच नव्हते. मालक दुपारी दोनपासून सहापर्यंत त्या दुकानाच्या दारात उभे होते. एकट्याच्या सहीवर घरमालक जागा देईना आणि शेवटी त्याने ती दुसऱ्याला देऊन टाकली.

शर्टही न बदलता मालकांनी मला लावले. चाळिसाव्या मिनिटाला भिंगरी मार खाऊन आडवा झाला. तो सरपटत सरपटत कोपऱ्यापर्यंत आला, त्याने हात वर केला, आणि दोरांबाहेर उभ्या असलेल्या पोलादने आपला हात मागे घेतला. पाठ फिरवली आणि खाली उतरून गेला.

मालकांनी खटकन बटण दाबून मला थांबवले. "सगळे सारखेच," एवढेच ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्यावर त्याच्या पुढे आणखी सात मिनिटे होती. ती त्यांनी त्या दिवशी पाहिली नाहीत, नंतरही पाहिली नाहीत. तो हात मागे गेला की पुढचे बघण्याची त्यांना इच्छाच उरत नसे.

तीन वर्षे दोघा भावांत बोलणे नव्हते. मग एका शनिवारी दादा एक इस्त्री घेऊन आले. इस्त्रीला काहीही झाले नव्हते. मालकांनी ती उघडली, पुसली, पुन्हा बंद केली आणि "झाली" म्हणून परत दिली. तरी दादा उठेनात. इकडे तिकडे बघता बघता त्यांची नजर माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर पडली.

"ही ती लढत का रे?" त्यांनी विचारले.

"तीच. हरामखोर पोलाद."

"हरामखोर कशावरून?"

झाले! दोघे तासभर भांडले. पुढच्या शनिवारी दादा पुन्हा आले, या वेळी इस्त्रीशिवाय. आणि मग दर शनिवारी दुपारी चार वाजता मला यंत्रात घालायचे आणि पोलादने असे का केले यावर वाद घालायचा, असा तेवीस वर्षांचा नेमच पडून गेला.

"जळत होता तो," मालक म्हणायचे. "पोस्टरवर भिंगरीचं नाव वर, याचं खाली. पोटात दुखलं."

"गुडघा बघ ना त्याचा," दादा म्हणायचे. "गुडघा कामातून गेला होता. आत जाऊन काय दिवे लावणार होता?"

"मग सांगावं माणसानं! समोरचा हात वर करून सरपटत येतोय, त्याला एका शब्दानं सांगायला नको?"

"सांगायला वेळ कुठे होता?"

"वेळ? अख्खी दुपार होती, दादा!"

लढत तर सगळी मिळून पाऊण तासाचीही नव्हती.

पुढे एक निवृत्त पोस्टमनकाका या वादात सामील झाले. त्यांचे मत तिसरेच. "जुळ्यांनी त्याला आधीच फोडला होता. जन्मभर पत्रं वाटली आहेत मी, मला माणसं कळतात."

"तुम्हाला पाकिटं कळतात, काका," बाई शिवता शिवता म्हणायच्या. "आणि ते सगळं आधी ठरवून असतं. कोणी पडायचं आणि कोणी पाडायचं, सगळं."

असे म्हटले की तिघेही एकजुटीने बाईंवर तुटून पडायचे. तिघांचे एकमत होण्याचा तेवढाच काय तो प्रसंग. पण एकदा दोघे भाऊ कोपऱ्यावर चहा प्यायला गेले असताना बाई काकांना हळूच म्हणाल्या, "हे पोलादवरून भांडतात असं वाटतं तुम्हाला? 'दादा, तू त्या दिवशी का आला नाहीस' हे ह्यांना अजून विचारता आलेलं नाही. म्हणून बिचाऱ्या पोलादला विचारतात."

मी सगळे ऐकत होते आणि मला दोन काळज्या होत्या. एक तर मी झिजत चालले होते. चालत्या फितीचे फारसे काही बिघडत नाही, पण चित्र एका जागी थांबवून ठेवले की यंत्राचे फिरते डोके तेवढीच जागा घासत बसते. "हसतोय बघ," मालक म्हणायचे आणि थांबवायला लावायचे. "रडतोय," दादा म्हणायचे आणि पुन्हा थांबवायचे. दर शनिवारी पोलादच्या चेहऱ्यावर एक पांढरी रेघ वाढायची. जितके निरखून बघायचे तितके कमी दिसायचे. शेवटी शेवटी तो हसतो आहे की रडतो आहे हे खुद्द मलाही सांगता आले नसते.

दुसरी काळजी त्याहून मोठी. रिमोट नेहमी दादांच्या हातात असायचा. पोलाद पाठ फिरवून खाली उतरला की एक, दोन, तीन, आणि दादांचा अंगठा बटणावर. मला मागे गुंडाळायला सुरुवात. तेवीस वर्षांत चौथा सेकंद कधी उजाडला नाही. सुरुवातीला मला वाटले, सवय असेल. मग एकदा मालकांनी सहज रिमोट मागितला तर दादा म्हणाले, "असू दे, असू दे," आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. तेव्हा माझ्या लक्षात आले. पुढच्या सात मिनिटांत काय आहे हे दादांना ठाऊक होते.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचे? उत्तर माझ्या पोटात. ते बाहेर आले नाही तर मालकांच्या मनातली ती दुपार कधी संपायची नाही. आणि बाहेर आले तर? मग वाद कसला घालणार? दादा कशाला येतील? त्या दोघांच्या मध्ये आता माझ्याशिवाय दुसरे काही उरले नव्हते.

आणि गेल्या वर्षी जे व्हायचे ते झाले. मालकांनी "थांबव" म्हटले, दादांनी थांबवले आणि मी करकर करत त्याच जागी तुटले.

"गेली!" दादा म्हणाले. त्यांच्या तोंडावर हळहळ होती, पण मी खोटे बोलणार नाही, सुटकाही होती. "जाऊ दे आता. म्हातारी झाली होती."

"जाऊ दे काय?" मालकांनी स्क्रू काढून मला उघडले. चार बोटे फीत चुरगळून गेली होती. तोच हात, तोच चेहरा, सगळा वाद त्या चार बोटांत. मालकांनी तेवढा तुकडा कापून केराच्या टोपलीत टाकला, दोन टोके बारीक चिकटपट्टीने जोडली आणि मला यंत्रात ढकलले.

"कशाला लावतोस? जोडली ना?" दादा घाईघाईने म्हणाले.

"सांध्याच्या पुढे चालवून बघावं लागतं, दादा. नाहीतर परत अडकते."

"पुढच्या शनिवारी बघू."

"पाच मिनिटांचं काम आहे," मालक म्हणाले. ते यंत्राजवळच बसले होते. दादांनी रिमोट दाबला, पण यंत्राच्या ज्या डोळ्याला रिमोट दिसतो त्याच्यासमोरच मालकांचा हात होता. मी चालत राहिले.

भिंगरी हरला. लोक ओरडले. मग आखाड्यामागची एक रिकामी बोळ दिसली आणि लोखंडी पेटीवर बसलेला पोलाद. बातमीदाराने त्याच्या तोंडासमोर माईक धरला. "का केलंस असं? जळलास? कुणी फोडलं तुला?"

"नाही," पोलाद म्हणाला. "गुडघाही ठीक आहे. मला भीती वाटली. आत गेलो आणि हरलो तर ती हार माझ्यामुळे झाली असं होईल, या विचारानं धडकी भरली. हात आपोआप मागे आला. आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ, ते सांगा."

शिवणयंत्र थांबले होते. "बनाव!" काका म्हणाले. "लिहून दिलेलं बोलतोय." त्यांच्याकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही. मालक पडद्याकडे बघतच नव्हते, ते दादांकडे बघत होते.

"तुला माहीत होतं."

"हो," दादा म्हणाले. "त्या दिवशी घरीच होतो मी. चपला घालून, खिशात पेन घालून टीव्हीसमोर बसलो होतो. म्हटलं, लढत संपली की उठू. नोकरी सुटली आणि दुकान चाललं नाही, तर तुझाही संसार माझ्यामुळे बुडणार. पायच उचलेना रे. आणि मग हा पोलाद टीव्हीवर येऊन माझंच सगळं सांगून गेला. तू हे बघितलं असशील म्हणून तीन वर्षं तोंड लपवलं. आलो तेव्हा कळलं, तू पुढचं बघितलंच नव्हतंस."

"आणि नंतर तू बघू दिलं नाहीस."

"थोरला होतो ना मी. घाबरलो म्हणून कसं सांगू?"

मालकांनी यंत्र बंद केले. दादा उठले आणि गेले. काका पुन्हा "लिहून दिलेलं" म्हणू लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "पोलादला दिलं असेल, काका. भाऊजींना कुणी लिहून दिलं होतं?"

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझे मला ठाऊक. शनिवारी चार वाजले. दादा आले नाहीत. सव्वाचार झाले, साडेचार झाले. मालक एक रेडिओ उघडायचे, बंद करायचे, दाराकडे बघायचे. माझी तर खात्रीच पटली की दोघा भावांना मीच तोडले. पावणेपाचला मालक उठले, तोंड धुतले आणि बाईंना म्हणाले, "जाऊन येतो जरा." दादांच्या घराचा उंबरठा त्यांनी सव्वीस वर्षांत ओलांडला नव्हता.

परतले तेव्हा दिवे लागले होते. बाईंनी विचारले, "काय म्हणाले भाऊजी?"

"दादानंच दार उघडलं, माझे हात बघितले. म्हणाला, कॅसेट आणलीस का?"

"मग?"

"म्हटलं, नाही आणली."

"मग इतका वेळ केलंत काय?"

"बसलो," मालक म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. "बोललो."

तेव्हापासून मला कुणी लावलेले नाही. दुसऱ्या कॅसेटना याचे वाईट वाटले असते, मला नाही वाटत. मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर माझ्यासारखी कुणी पडलेली असेल तर तिला ओलीपासून जपा, उभी ठेवा, चुंबक लांब ठेवा. आणि मनातले एक सांगते. कुणी तुमच्याकडे पाठ फिरवली तर त्याला तिथेच थांबवून वर्षानुवर्षे त्याचा चेहरा बघत बसू नका. चेहरा झिजतो, कळत काही नाही. त्याचे पुढचे ऐकून घ्या. आणि पाठ फिरवणारे तुम्हीच असाल, तर बटणावर अंगठा धरून बसू नका. सांगायला भीती वाटते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण माझ्या पोटात उत्तर असून मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.