मागच्या ब्रेकचा हात

"चाकाकडं नका बघू. चाक कुठं पळून जाऊन नाही राहिलं. समोर बघा, त्या बाभळीकडं."

धम्मप्रिया मॅडमचा आवाज माळावरच्या वाऱ्यालाही दाबून टाकत होता. शिरूर अनंतपाळच्या बाहेर, पाझर तलावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे. रविवारी सकाळी साडेसहाला तिथे पाच बायका पाच सायकलींवर बसल्या होत्या आणि पाचही जणी मान खाली घालून आपापल्या पुढच्या चाकाकडे बघत होत्या. डोंगरी सायकलीत नजर जाते तिकडे चाक जातं. दगडाकडे बघत राहिलं की सायकल नेमकी त्याच दगडावर जाते, आणि बायका एकेक करून इमानदारीने त्या दगडावर जाऊन आदळत होत्या.

"मॅडम, लहानपणापासून खाली बघून चाल म्हणून शिकवलं आमाला," अंगणवाडीत काम करणारी मंजुश्री म्हणाली. "आता तुमी म्हणायलाव वर बघ. एकदा काय ते समद्यांनी मिळून ठरवा की."

सगळ्या खदखदून हसल्या. धम्मप्रियाही हसली. मंजुश्री केवढं खरं बोलून गेली होती हे तिला तेव्हा कळलं असतं, तर पुढचं कदाचित टळलं असतं. पण शिकवणाऱ्याला वाटतं, आपण सांगितलं म्हणजे समोरच्याच्या अंगात उतरलं. चौदा वर्षं शाळेत खेळ शिकवूनही तिचा हा भाबडेपणा गेला नव्हता.

ती मूळची किनवटकडची, इस्लापूरची. बाप नरसिंग जंगलात वनमजूर होता. त्याची भाकरी घेऊन ही पोर त्याच्याच सायकलवर, मधल्या दांडीखालून पाय घालून, सागाच्या रानातून चार-पाच मैल जायची. पुढे शिकली, शिरूरला खासगी शाळेत क्रीडाशिक्षिका झाली. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे विचारायचं आता गावानेही सोडून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याला जाऊन ती डोंगरी सायकल शिकवण्याचं दहा दिवसांचं शिक्षण घेऊन आली. कुठल्याशा कंपनीने शाळेला सहा सायकली दिल्या. सुट्टीच्या दिवशी त्या शाळेत नुसत्या उभ्या असायच्या. तिने मुख्याध्यापकांना गळ घातली, आणि नव्याने शिकणाऱ्या बायकांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला.

सुरू केला म्हणजे जाहीर केला. पहिला महिनाभर माळावर ती, सायकली आणि टिटव्या एवढेच होते. मग तिने घरोघरी जायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, ह्या वयात? कुणी म्हणालं, पोटपाण्याचं बघायचं की सायकली खेळायच्या? एका घरी तर तिला जनगणनेची बाई समजून घरातल्या माणसांची नावं सांगितली. तरी पाच जणी आल्या. पुण्याच्या पुस्तकात उतारावर उभं राहण्याच्या पद्धतीला मोठं लढाऊ इंग्रजी नाव होतं. ते सांगितल्यावर बायका नुसत्या बघत राहिल्या. तेव्हा ती म्हणाली, "सुपात धान्य पाखडतो तसं उभं राहायचं. गुडघे ढिले, कोपरं बाहेर, बूड मागं." त्याबरोबर पाचही जणी बरोबर उभ्या राहिल्या, आणि 'बूड' या शब्दावर दहा मिनिटं हसत बसल्या.

ब्रेकचं मात्र तिने घोकून घेतलं होतं. उजवा हात पुढचा ब्रेक, डावा हात मागचा. उतारावर नुसता पुढचा दाबला की सायकल मागून उचलते आणि माणूस डोक्यावर जातो. "मागच्या ब्रेकचा हात मरंस्तोवर सोडायचा नाही," ती दर रविवारी म्हणायची, आणि बायका प्रार्थना म्हटल्यासारखं ते परत म्हणायच्या.

पाच जणींत वर्षाराणी सरस निघाली. बत्तीस वर्षांची, पेठेतल्या किराणा दुकानवाल्या लिंगायत घरातली धाकटी सून, लग्नाला बारा वर्षं झालेली. डॉक्टरांनी थायरॉइडसाठी व्यायाम सांगितला म्हणून आली. नवरा महांतेश आणि सासू उमाबाई यांना सायकलीचं ठाऊक होतं. थोरले दीर सिद्रामप्पा यांना मात्र 'व्यायामाचा वर्ग' एवढंच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं नाही, कुणी बोललं नाही. घर असंच चालतं. ती साडीत यायची, मंजुश्रीच्या अंगणवाडीत ट्रॅक पँट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट घालायची, वर हेल्मेट. पहिल्या दिवशी तिला सीटवर बसता येत नव्हतं. बाराव्या रविवारी ती माळावरून तलावाकडे उतरणारी अख्खी ढोरवाट एकदाही पाय न टेकता उतरली. खाली थांबली आणि हँडल न सोडता मागे वळून वरच्या माळाकडे बघत राहिली.

"काय झालं वर्षाताई?"

"काय न्हाई मॅडम. लग्न झाल्यापून इतकं जोरात मी कुटंच गेले न्हवते."

त्या दिवशी घरी जाताना धम्मप्रियाने मनाशी ठरवून टाकलं. जानेवारीत किनवटच्या जंगलात बायकांची सायकल फेरी होती, इस्लापूरहून सुटणारी. तिने पाचही नावं कळवली. बापाची भाकरी घेऊन जिथून ती एकटी जायची, त्या रानातून आपल्या मागे पाच जणींची रांग येणार, या विचाराने तिला दोन दिवस नीट जेवणही गेलं नाही. आयुष्यात आणखी काही मागावं असं तिला वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी वर्षाराणी पुन्हा ढोरवाटेने उतरत होती. धम्मप्रिया खाली उभी होती. सगळं कसं पुस्तकात छापावं तसं चाललं होतं. मान वर, कोपरं बाहेर, दोन्ही हात ब्रेकवर. इतक्यात तलावाच्या बांधावर एक मोटारसायकल येऊन थांबली. सिद्रामप्पा होते. बांधाखालच्या त्यांच्या शेतात सोयाबीन काढायला आलं होतं, ते बघायला आले होते. कधी नव्हे ते आले होते. गाडी लावून त्यांनी वर पाहिलं.

वर्षाराणीने त्यांना पाहिलं, आणि तिचा डावा हात ब्रेकवरून सुटून डोक्याकडे गेला.

पदर घ्यायला गेला. पदर नव्हताच. अंगात टी-शर्ट होता, डोक्यावर हेल्मेट होतं. तिची बोटं हेल्मेटवरून दोनदा फिरली, धम्मप्रियाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्यांदा फिरायच्या आत उजव्या हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला होता.

बायका ओरडत धावल्या. सिद्रामप्पाही धावले, पण दहा पावलांवर येऊन थबकले. धाकट्या भावाच्या बायकोला हात कसा लावायचा? त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मंजुश्रीकडे फेकला, म्हणाले, "हात बांधा तिचा, हलू देऊ नका," आणि पाठ फिरवून उभे राहिले. पाठमोरेच फोन करत राहिले. टेम्पो त्यांनीच बोलावला, लातूरच्या दवाखान्यात त्यांनीच भरती केलं. त्यांच्या नावाने बोटं मोडावीत तर तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

उजव्या खांद्याच्या हाडाचा चुरा झाला होता, डावं मनगट मोडलं होतं. ऑपरेशन करून खांद्यात स्टीलची पट्टी टाकली. उजवा हात खांद्याच्या वर जाईल असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले.

गावात दोन दिवसांत गोष्ट तयार झाली. सायकल खराब होती. उतार खराब होता. बाई खराब होती, असंही कुणी म्हणालं असेल. मुख्याध्यापकांनी सायकली कोठीत ठेवून कुलूप लावलं, "वातावरण निवळेपर्यंत" म्हणाले. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून एक बाई गेली, मग दुसरी. मंजुश्री गेली नाही, पण तिने लिहिलं, मॅडम, मालक नको म्हणायलेत. पुढच्या रविवारी धम्मप्रिया सवयीने साडेसहाला माळावर गेली आणि आठपर्यंत एका दगडावर बसून राहिली. आपण इथे का बसलो आहोत हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रडू येत नव्हतं. आतून सगळं सपाट झाल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात ती वर्षाराणीला भेटायला गेली. तब्येत विचारायला गेली हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. वर्षाराणीने ग्रुपवर आपल्या आवाजात एक निरोप टाकावा, सायकलीचा दोष नाही, मी बरी झाले की येणार, एवढं म्हणावं, असं तिच्या मनात होतं. तेवढं झालं तर मंजुश्री येईल. मंजुश्री आली तर बाकीच्या येतील. दोन्ही हात मोडून पडलेल्या बाईकडे आपण मागायला चाललो आहोत, याची तिला लाज वाटत होती. तरी ती गेली.

दारात उमाबाई होत्या. "शरणार्थ" म्हणत हात जोडून त्यांनी आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुमच्यात चालत असंल बाई. तुमी शिकल्या-सवरलेल्या लोकं. आमच्यात न्हाई चालत, हे मीच पोरीला सांगायला पायजे हुतं."

'तुमच्यात' हा शब्द धम्मप्रियाने आयुष्यभर ऐकला होता. नेहमीसारखाच तो तिने गिळला. पण या वेळी तो भलत्याच जागी लागला. तिची आई सरजाबाई, बाबासाहेबांचा फोटो पुसून दिवस सुरू करणारी बाई, तीसुद्धा रेंजर साहेबाची जीप दिसली की हातातलं काम टाकून डोक्यावर पदर ओढायची. एकदा चुलीवरचं दूध सगळं उतू गेलं होतं. हे सगळं बघत ती मोठी झाली होती. पुण्याच्या पुस्तकात नसलेलं एवढं एकच तिला ठाऊक होतं, आणि तेच तिने शिकवलं नव्हतं.

वर्षाराणी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. उजवा हात गळ्यात बांधलेला, डावा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. साडी कुणीतरी नेसवून दिली होती. उमाबाई चहा टाकायला गेल्या.

"कसं हाय मॅडम आपल्या वर्गाचं?" तिनेच आधी विचारलं.

"बंद झालाय." धम्मप्रियाला खोटं बोलता आलं नाही. मग तिने घाईघाईने मनातलं सांगून टाकलं. निरोपाचं, मंजुश्रीचं, जानेवारीचं.

वर्षाराणी ऐकत राहिली. "बोलते की," ती म्हणाली. "पण काय बोलू? सायकलीनं पाडलं न्हाई मला. अप्पांनी बी काय केलं न्हाई, ते नुसते हुबे हुते. मी तर समोरच बघायले हुते मॅडम, तुमी सांगितल्यावानी. म्हणून तर दिसले." तिने प्लास्टरमधल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "तुमी बारा रविवार शिकवलं. ह्या हाताला हितं बारा वर्सं शिकवलंय. त्यानं मला इचारलंच न्हाई."

"परत शिकू," धम्मप्रिया म्हणाली. "पहिल्यापासून शिकू. मी तुमच्या बाजूनं पळत येईन."

वर्षाराणी हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसली असावी, चेहऱ्याला ते अवघड गेलं. "असंच बोलू का? परत शिकनार म्हणून?"

"बोला."

धम्मप्रियाने फोन तिच्या तोंडाजवळ धरला आणि बटण दाबून ठेवलं. वर्षाराणीने ओठांवरून जीभ फिरवली. "मंजूताई, मी वर्षाराणी बोलायले," ती म्हणाली. "मी..."

बाहेर चप्पल वाजली. "मॅडम आल्यात म्हनं," सिद्रामप्पांचा आवाज आला. त्यांचा स्वर चांगला होता, विचारपूस करणारा. पावलं दाराकडे येऊ लागली.

वर्षाराणीचे दोन्ही खांदे एकदम हलले. कळ डोक्यात गेली असणार, तिचा चेहरा पांढरा पडला. पदर खांद्यावर होता आणि वर न्यायला तिच्याकडे हात नव्हता. तिने धम्मप्रियाकडे पाहिलं. माळावर पहिल्यांदा उतार बघितला तेव्हाही तिचे डोळे इतके घाबरले नव्हते.

"मॅडम," ती कुजबुजली.

धम्मप्रियाने फोन पलंगावर ठेवला. उठून तिच्यामागे गेली. पदराचा काठ दोन्ही हातांनी उचलून तिने वर्षाराणीच्या डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत पुढे ओढला, आणि सिद्रामप्पा दारात येईपर्यंत तो घसरू नये म्हणून एका कानामागे नीट खोचून दिला.