चुकांच्या वहीतलं नाव

इंदुताईंनी सलग तिसऱ्या दिवशी सातचाच पाढा घेतला आणि पोरांनी तो गुमान म्हटला. तक्रार कुणी केली कोण जाणे, पण दुपारच्या सुट्टीत अर्जुनराव शाळेत हजर. कुरुळी गावातली ही जागा त्यांनीच शाळेला दिलेली, त्यामुळे त्यांचं ऐकून घ्यावंच लागतं.

"बाईंच्या ध्यानात ऱ्हात न्हाई आता," ते मला म्हणाले. "लई केलं त्यांनी. पण उद्यापास्नं त्यांना शिकवायला लावू नगंस. तूच सांग, तुझं ऐकतील."

मला रागच आला. कंपन्यांत कामाला आलेल्यांची मुलं दिवसभर रस्त्यावर हुंदडायची, तेव्हा बाईंनी ही शाळा काढली आणि आईबापांच्या शिफ्टच्या वेळा बघून तिची वेळ ठरवली होती. मी त्या पहिल्या वर्गातली. मला पाढा येईना, तेव्हा माझे वडील बाईंना म्हणाले, खुशाल छडी वापरा. ते कंपनीत प्रेस मशीनवर पार्ट काढायच्या कामाला होते. बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे पार्ट खराब निघाला तर पार्टला मारता का?"

"छे, मशीनची सेटिंग बघतो की," वडील म्हणाले.

त्याच दिवशी बाईंनी चुकांची वही सुरू केली. मुलाला काही आलं नाही, की काय आलं नाही ते लिहून खाली शिकवणाऱ्याने आपलं नाव घालायचं. मुलाचं नाव कधीच नाही. लोक हसले. पण माझ्यासारख्या कितीतरी जणी त्या वहीमुळे शाळेत टिकल्या, आणि मी तर तिथंच शिक्षिका झाले.

शाळा सुटल्यावर मी मन घट्ट करून बाईंपाशी गेले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, गोड हसल्या आणि विचारलं, "बाळ, तुझं नाव काय गं?"

मी नाव सांगितलं, "दीपमाला." बाई ओशाळल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मला आताशा येत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या.

मी वही काढली. तारीख घातली. 'नाव आठवलं नाही' असं लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. बाईंनी अक्षरांवरून बोट फिरवत ते वाचलं.

"मग उद्या परत घेशील?"

"रोज घेईन, बाई."

दुसऱ्या दिवशी बाई पोरांच्या रांगेत सतरंजीवर येऊन बसल्या. मी फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'दीपमाला' लिहिलं आणि आठचा पाढा घेतला.