राखाडी अक्षरांतलं ‘येतो’

“हे अक्षर राखाडी का आहे?” तपासनीसांनी विचारलं.

ग्राहक मंडळाच्या बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्याकडे वाकून पाहिलं. “कुठलं अक्षर?”

“बघा, तुम्हालाही दिसलं नाही. म्हणजे दिसू नये म्हणूनच ठेवलंय.”

तपासनीसांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी बत्तीस वर्षं त्यांनी बसगाड्यांत तिकिटं तपासली. हुद्दा गेला, नाव मात्र चिकटून राहिलं. संशय हा आधी त्यांच्या पोटापाण्याचा भाग होता, मग तो स्वभावच झाला. एकदा त्यांनी सख्ख्या मेहुण्याला विनातिकीट पकडून पावती फाडली होती. मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता, आणि बायको आठवडाभर.

मंडळात त्यांच्याकडे वेबसाइटच्या तक्रारी असत. वीजबिल भरायची, गॅस नोंदवायची, तिकीट काढायची, अशी कुठलीही साइट लोकांना नडली की ती त्यांच्या टेबलावर येई. मग ते घड्याळ समोर ठेवून बसत आणि एकेक पान उघडत. कुठला शब्द कळत नाही, कुठल्या चौकोनात आपल्याला न विचारता आधीच खूण केलेली आहे, मागे फिरायचा रस्ता कुठे नाहीसा होतो, सगळं वहीत उतरवत. कॉम्प्युटर कोळून प्यालेल्या पोरांना हे जमत नसे. ती डोळे मिटून पलीकडे पोहोचत, त्यामुळे वाटेतला खड्डा त्यांना दिसतच नसे. तपासनीस ताकही फुंकून पिणारे.

आजची तक्रार एका निवृत्त शाळामास्तरांची होती. त्यांच्या पत्नीची औषधं दर महिन्याच्या चार तारखेला घरपोच येत. पत्नी जाऊन पाच महिने झाले, तरी खोकं येतच होतं. सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं होतं, ‘मी साइटवर जाऊन तीनदा बंद करायचा प्रयत्न केला. औषधं चालूच राहिली. चूक माझीच असावी.’

शेवटचं वाक्य वाचूनच तपासनीसांचे कान टवकारले होते. माणूस आपण होऊन चूक माझी म्हणतो, तिथे हटकून दुसऱ्या कोणाचा तरी हात असतो, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा अनुभव.

औषधं बंद करायच्या वाटेवरची चार पानं पार करून ते पाचव्यावर आले होते. तिथे वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘एवढ्यात निघालात? अजून खुर्चीसुद्धा तापली नाही.’ खाली एक भलंमोठं हिरवं बटण, ‘बरं, थांबतो.’ आणि त्याच्या पार तळाशी, पांढऱ्यावर राखाडी, बारीकसं ‘येतो’.

राखाडी अक्षर शोधण्याच्या नादात वरचं वाक्य त्यांनी नीट वाचलंच नव्हतं. आता वाचलं, आणि त्यांचा हात माउसवर तसाच राहिला.

हे वाक्य त्यांच्या बायकोचं होतं. घरी आलेल्या कोणीही निघायला चपलेत पाय घातला की ती हेच म्हणायची. बसा अजून, थांबा थोडं, असं सगळेच म्हणतात. खुर्ची तापायची गोष्ट मात्र तिच्याशिवाय कोणाच्या तोंडून त्यांनी ऐकली नव्हती. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

आणि त्यांची मुलगी वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत होती. औषधवाल्यांचं काम आलंय, असं ती हिवाळ्यात म्हणाली होती. मागच्या महिन्यात तिला ऑफिसात शाबासकी मिळाली होती. कशाबद्दल, ते तिने सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आली, हातपाय धुऊन कणीक मळायला बसली. तपासनीस पेपर उघडून समोर बसले.

“कामाचं काय चाललंय सध्या?”

“नेहमीचंच.”

“औषधवाल्यांचं संपलं?”

“संपलं की.” तिने मान वर केली. “बाबा, सरळ विचारा ना. तुम्ही असं आडून विचारायला लागलात की मला पर्समधलं तिकीट शोधावंसं वाटतं.”

तपासनीसांनी पेपरची घडी केली. “ते खुर्चीचं वाक्य तिथे कोणी घातलं?”

पोरीचे हात कणकेत थांबले. “मी.”

“का?”

“सोडून जाणाऱ्यांना थांबवा म्हणाले. बाकीच्यांनी नेहमीचं गुळगुळीत काहीतरी लिहून दिलं. मला आई आठवली.” ती पुन्हा मळायला लागली. “जाणारे निम्म्यावर आले, बाबा. मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मला वाटलं, आईचं बोलणं रोज किती लोक वाचतायत.”

“आणि ते राखाडी अक्षर?”

“ते रंगवाल्यांचं काम.”

“तुला माहीत होतं?”

तिने कणकेवर पाण्याचा हबका मारला.

“तुझी आई बसा म्हणायची ना, तेव्हा दार उघडं असायचं,” तपासनीस म्हणाले.

“तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पोळ्या होईपर्यंत लाटणं पोळपाटावर आपटत राहिलं. जेवताना त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे दोनदा चोरून पाहिलं. ही सांगते त्यातलं खरं किती, याचा हिशोब मनात चालू होता, आणि तो चालू आहे याची त्यांना लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. “हे काम माझ्याकडे नको. माझ्याच पोरीचं आहे.”

“मग दुसऱ्या कोणाला देते.”

“दुसऱ्याला तो ‘येतो’ दिसायचा नाही.”

बाई जरा विचार करून म्हणाल्या, “मास्तरांनाच बोलावू. ते साइट चालवतील, आपण नुसतं बघायचं. अहवालावर सही माझी.”

तपासनीसांनी मुलीलाही सांगितलं. “शनिवारी मंडळात ये. मागे बसायचं, बोलायचं नाही. तिथला नियम आहे तसा.” ती काहीतरी निमित्त काढेल अशी त्यांची खात्री होती. शनिवारी ती त्यांच्या आधी येऊन मागच्या खुर्चीत बसली होती.

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, पत्नीच्या औषधांची फाइल काखेत धरून आले. पडद्यावरची एकेक ओळ ते वर्गात वाचावी तशी मोठ्याने वाचत होते. पाचव्या पानावर त्यांनी वाचलं, “एवढ्यात निघालात? अजून खुर्चीसुद्धा तापली नाही.” वाचून ते किंचित हसले, आणि हिरवं बटण दाबलं.

‘धन्यवाद. आपली औषधं चालू राहतील.’

“सर,” बाई म्हणाल्या, “तुम्हाला तर बंद करायची होती ना?”

“हो.”

“मग थांबतो का दाबलंत?”

मास्तर ओशाळले. “कोणी इतक्या मायेनं बस म्हटलं की नाही कसं म्हणायचं? हल्ली म्हणतं कोण.”

“खाली दुसरा एक शब्द आहे बघा.”

मास्तरांनी नाक पडद्याला टेकवलं. “येतो. हां, हा आहे. पण येतो म्हणजे पुन्हा यायचं ना? मला पुन्हा यायचं नाहीये हो. ती गेली ना.” मग त्यांनीच घाईने माउस धरला. “परत करतो. या वेळी लक्ष देऊन करतो.”

पुन्हा चार पानं. पाचव्यावर त्यांचा हात हिरव्या बटणावर गेला, मागे आला, मध्येच घुटमळला. “माझंच काहीतरी चुकतंय,” ते पुटपुटले.

तपासनीसांनी मागे वळून पाहिलं. पोरगी आता खाली बघत असेल, नाहीतर फोनमध्ये तोंड खुपसून बसली असेल, असं त्यांना वाटलं होतं. ती उठली होती. बोलायचं नाही हा नियम ठाऊक असूनही ती स्टूल ओढून मास्तरांच्या शेजारी बसली.

“तुमचं काही चुकत नाहीये, सर. हे मी लिहिलंय.”

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही? छान लिहिलंय. खरंच छान लिहिलंय.” मग उत्तरपत्रिकेत खूण करावी तसं ते म्हणाले, “पण इथे नको होतं.”

“हो,” ती म्हणाली.

तिने बाण त्या राखाडी अक्षरावर नेऊन ठेवला आणि हात काढून घेतला. बटण मास्तरांनी स्वतः दाबलं. ‘आपली औषधं बंद झाली आहेत.’ त्यांनी ते दोनदा वाचलं.

“म्हणजे चार तारखेला आता कोणी यायचं नाही?”

“नाही यायचं, सर.”

“बरं,” मास्तर म्हणाले, आणि फाइल मांडीवर घेऊन तिची नाडी बांधू लागले.

अहवाल बाईंनी लिहिला. मुलीने त्याला एक पान जोडलं. राखाडी रंग कुठल्या मीटिंगमध्ये ठरला, ‘बंद करा’ हा साधा शब्द कोणी काढायला लावला, आणि आपण तेव्हा गप्प बसलो, हे तारखांसकट लिहून खाली स्वतःचं नाव. ती ते पान परत मागेल असं तपासनीसांना दोन दिवस वाटत राहिलं. तिने मागितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाचवं पान बदललं. तिथे ठळक काळ्या अक्षरात ‘औषधं बंद करा’ एवढंच उरलं. खुर्चीचं वाक्य गेलं होतं. तपासनीसांनी ते चार वेळा उघडून, मागे जाऊन, पुन्हा उघडून पाहिलं. खोट सापडली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी, भर दुपारी, दाराची बेल वाजली. मुलगी उभी होती. ऑफिस सुटायला अजून पाच तास होते. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यात कप, दोन वह्या, आणि कडेला टेकवून ठेवलेली एक लहानशी कुंडी.

तपासनीसांच्या जिभेवर चार प्रश्न आले. त्यांनी खोकं तिच्या हातातून घेतलं, टेबलावरचा पसारा कोपराने सरकवून तिथे ठेवलं. ती चप्पल काढून खुर्चीत बसली. त्यांनी तिला पाणी दिलं. कुंडी उचलून त्यांनी खिडकीत नेली, बोटाने माती दाबून पाहिली.

“याला पाणी किती दिवसांनी घालायचं?” त्यांनी विचारलं.