गोंब्यांचा समुद्र

"बेंगळूरला समुद्र नाही, रक्षिता," आमचे पट्टाभि सर म्हणाले, जणू मला ते ठाऊकच नव्हतं. "वाळूतल्या सूक्ष्म जिवांवर पीएच.डी. कशी करणार? शुक्रवारी एक तरी जिवंत दाखव. नाहीतर रेशीमकिड्यांवर काम कर."

रेशीमकिडे! मी तडक कारवार गाठलं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली बारीक वाळू आणि कॅनभर समुद्राचं पाणी घेऊन बेंगळूरला, मल्लेश्वरमच्या घरी परतले. वाळू बरणीत लोणच्यासारखी दाबून भरली, झाकण घट्ट लावलं. थोडी पिशवीत उरली.

शुक्रवारी सकाळी झाकण उघडलं, तर सडक्या अंड्यांचा वास. वाळू काळी पडलेली. हवेविना सगळे जीव गुदमरून मेले होते. मला रडूच फुटलं. उरलेली पिशवी शोधली, तर तीही गायब.

"ती होय? गोंब्यांना घेतली," आई म्हणाली.

दसऱ्यात आमच्याकडे शेजाऱ्यांसारख्याच पायऱ्या करून गोंबे, म्हणजे बाहुल्या मांडतात. सगळ्यात खाली, परातीत, आईने रामाचा सेतू केला होता. वाळूचा उतरता किनारा, त्यावर उभा राम, पुढे माझ्या कॅनमधलं पाणी.

"घरात खरा समुद्र असताना निळा कागद कशाला लावू? रोज त्यातलंच स्वल्प पाणी शिंपडते."

मी इतकी ओरडले की शेजारच्या राजलक्ष्मी अक्का धावत आल्या. ओरडता ओरडताच माझं लक्ष परातीकडे गेलं. वाळू स्वच्छ पिवळी होती. वास नाही. पातळ थर, मोकळी हवा, खारं पाणी! आणखी काय हवं होतं त्या जिवांना?

"आई, परात दे!"

"मांडलेलं मोडायचं?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनेच रामाला उचललं. "सरी, बरं, ने. पण संध्याकाळी समुद्र परत पाहिजे. बायका यायच्यात."

परात मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. "स्वल्प सावकाश, अण्णा!"

प्रयोगशाळेत सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढेचनात. वाळूच्या कणाला शेपटीने चिकटून एक पारदर्शक जीव डोकं हलवत होता. मग दुसरा दिसला. मग कितीतरी.

"कारवारचे?" सरांनी हळूच विचारलं.

"होते," मी म्हणाले. "आता मल्लेश्वरमचे."

रेशीमकिडे गेले उडत! मला नाचावंसं वाटत होतं.

संध्याकाळी सर सपत्नीक गोंबे बघायला आले. आईने सेतू पुन्हा मांडला होता, पण राम वाळूवर नव्हता. तो परातीबाहेर, पाटावर उभा होता.

"आत वस्ती आहे," आई सरांना म्हणाली. "चेंगरतील बिचारे."