मातुलांची तीन बाकं

"टेप बेताने लाव गं बाई, दाराचा रंग निघतो," मी म्हटलं.

स्टुलावर चढलेली मुलगी निवडणूक कचेरीतली होती. 'न्यायाधीश व्हर्लीन कुबाला' या पाटीवर ती तपकिरी कागद चिकटवत होती. त्या दिवशी मतदान होतं, तेही आमच्याच कोर्टाच्या तळमजल्यावर, आणि मतदानाच्या जागी उमेदवाराचं नाव दिसता कामा नये. जजबाई कॉफीचा कप धरून मागे उभ्या होत्या.

"चालू दे तुझं," त्या म्हणाल्या. "दर चार वर्षांनी माझं बारसं उलटं करतात."

त्या हसल्या, पण कॉफी काही पिईनात.

मी ओफेलिया, या कोर्टाच्या तारखा लावते. टेक्सासच्या आमच्या काउंटीत कापूस, गाई आणि चेक लोकांची मोठमोठी कुटुंबं. इथे फौजदारी कोर्टाचा जजही लोकच निवडून देतात. खून-दरोडे शेजारच्या कोर्टात जातात. आमच्याकडे दारू पिऊन गाडी हाकणारे, हाणामाऱ्या, भुरट्या चोऱ्या. म्हणजे ज्याला सोमवारी शिक्षा केली, त्याच्याच अंगणात रविवारी मत मागायला उभं राहायचं. कुणी काढलाय हा कायदा, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा.

व्हर्लीनबाई कापसाच्या जिनिंगवाल्याची पोर. आधी शाळामास्तरीण, मग ह्यूस्टनला रात्रीचं लॉ कॉलेज, मग सरकारी वकिलांच्या हाताखाली वर्षानुवर्षं. पहिल्या निवडणुकीला नवरा होता. तो ट्रक चालवायचा आणि या दारं ठोठावायच्या. आता नवरा नाही. समोर ट्रेंट वेंडलंड नावाचा गुळगुळीत पोरगा, त्याचे फलक प्रत्येक कुंपणावर. या खेपेला निसटतं आहे, असं न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे सांगत होते. हरल्या तर काय, हा विचार मला झोपू देत नव्हता. वय एकसष्ट, घरी एक बहिरा कुत्रा. कोर्टापलीकडे या बाईला काही नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी डॅरिल मातुलाची केस.

डॅरिल दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा सापडला, तेव्हा बाईंनी त्याला तुरुंगाऐवजी अटींवर सोडलं होतं. गाडीत फुंकायचं यंत्र बसवलं. तोंडाला दारूचा वास असला की गाडी सुरूच होत नाही. त्या यंत्रानेच त्याला पुन्हा पुन्हा पकडून दिला. एकदा तर मागच्या सीटवर भाची बसलेली, शाळेत सोडायची म्हणून.

मी आधीच म्हटलं होतं, "बाई, पुढच्या आठवड्यात ढकलू का? कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," त्या म्हणाल्या. "पुन्हा प्यालास तर कोर्टाच्या पहिल्याच तारखेला आत, असं सांगितलं होतं मी त्याला. पहिली तारीख आजची आहे."

कपाळ माझं.

कोर्ट भरायच्या आधीच मातुला आले. मटणाचं दुकान यांचं, आग विझवणारे स्वयंसेवक यांच्यातले, चर्चचं गाणंही यांच्यावर चालतं. काका, माम्या, जावई, सुना. तीन बाकं गच्च. इथे मत दिलं की छातीवर लावायला एक स्टिकर मिळतं. सकाळपासून कोर्टात येणारा प्रत्येक जण ते मिरवत होता. या तीन बाकांवर मात्र एकाच्याही छातीवर ते नव्हतं. आधी डॅरिलचा निकाल, मग मत; हा अर्थ सांगायला वकील लागत नाही.

डॅरिलचा वकील हॉलिस उठला. "जजसाहेब, पुढची तारीख द्यावी. आज सगळ्यांचीच धावपळ आहे."

सरकारी वकील छताकडे बघत म्हणाला, "आमची हरकत नाही."

"माझी काही धावपळ नाही," बाई म्हणाल्या. "हॉलिस, आणखी काही मागायचंय?"

"फक्त तारीख, मॅडम."

"विचार करून सांगा. दुसरं काही?"

हॉलिसने मागे वळून तिन्ही बाकं बघून घेतली आणि गालात हसला. "नाही, मॅडम."

बाईंनी दोन महिने तुरुंगवास दिला. आवाज चढला नाही की पडला नाही. डॅरिलने पट्टा काढून आईच्या हातात दिला. ती आग्नेस, दुकानाच्या गल्ल्यावर बसते. माझ्याजवळून जाताना ती घरच्यांना म्हणाली, "चला खाली. रांग वाढेल."

सगळा गोतावळा जिना उतरून गेला.

जेवणाच्या सुट्टीत बाई त्यांच्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. खिडकी उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. सँडविच तसंच पडलेलं.

"फिटली हौस?" मी म्हटलं. रागच आला होता मला.

"त्या भाचीला मत नाही, ओफेलिया," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीकडे गेल्या.

संध्याकाळी आकडे आले. बाई हरल्या, तेही इतक्या थोडक्यात की मातुला आणि त्यांचे व्याही धरले तर हिशोब पुरा व्हावा. त्यांनी वेंडलंडला फोन करून अभिनंदन केलं आणि कुत्र्याला खायला घालायचंय म्हणून घरी गेल्या. मी गाडीत बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीशी आग्नेस. एकटीच, अंगावर दुकानातला एप्रन. मागे हॉलिस, बुटांकडे बघत.

"ओफेलिया, डॅरिलला दिवसा कामाला सोडतात का गं? रात्री जाईल परत तुरुंगात. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालाय. शिकारी हरणं आणून टाकतायत, सॉसेज करायला सुरी धरणारा तोच. त्याच्या म्हाताऱ्या बापाचा हात थरथरतो, काल बोट कापून घेतलं."

"मग काल का नाही मागितलं?"

"हॉलिस म्हणाला गरज पडणार नाही. आम्हाला सगळ्यांना बघून बाई..."

मी म्हटलं, "नवा जज जानेवारीत बसेल. त्याला विचार. तुमचाच आहे तो."

"ओफेलिया." बाई मागे दारात उभ्या होत्या. "त्यांना कोर्टात येऊ दे."

हॉलिसने अर्ज केला, सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही. दिवसा दुकान, रात्री तुरुंग. ने-आण भावाने करायची, डॅरिलने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाईंनी सही केली.

"काल मागितलं असतं तर मिळालं असतं?" आग्नेसने विचारलं.

"काल मी दोनदा विचारलं होतं."

आग्नेस एप्रनचं टोक पिळत राहिली. "बाई, काल आम्ही सगळे खाली जाऊन..."

"मिसेस मातुला," बाईंनी तिला थांबवलं. "मत गुप्त असतं. ते मला सांगायचं नसतं."

आग्नेस कागद धरून तशीच उभी राहिली. मग हॉलिसनेच तिला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"लोक खोळंबलेत," बाई मला म्हणाल्या. "पुढचं नाव पुकार."

मी पुकारलं.